दुरुस्त केलेले फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकणाऱ्या दुकानाला ई-कचऱ्याचा परवाना लागतो का?

मिरजेच्या दोन भावांचा प्रश्न आहे. वडिलांपासूनचं फ्रिज-वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान, हाताखाली दोन पोरं. पूर्वी फक्त गिऱ्हाइकाची मशीन दुरुस्त करून द्यायचे. गेली काही वर्षं डीलरकडून एक्स्चेंजमध्ये आलेला जुना माल उचलतात, चालू करतात आणि सहा महिन्यांच्या गॅरंटीवर विकतात. आता एका एजंटने सांगितलंय की ‘ई-वेस्ट लायसन्स’ नसेल तर दुकान सील होईल, आणि ते काढून द्यायला त्याने भलीमोठी रक्कम मागितली आहे. शिवाय एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमधले जुने एसी आणि फ्रिज एकगठ्ठा विकायला निघालेत, ते घ्यावेत का, असंही त्यांनी विचारलंय.

एजंटला आज एक रुपयाही देऊ नका. पण परवाना लागत नाही म्हणजे काहीच बघायचं नाही, असंही नाही. दोन्ही गोष्टी नीट समजून घ्या.

सध्या लागू आहेत ते ई-कचरा व्यवस्थापन नियम, 2022. ते 1 एप्रिल 2023 पासून अमलात आले. त्याआधीच्या 2016 च्या नियमांत रिफर्बिशरला राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून एकदाच घ्यायची परवानगी असायची. एजंट लोक अजून त्याच जुन्या कागदाचा नमुना दाखवत फिरतात. आता ती पद्धत राहिलेली नाही. नोंदणी होते ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, म्हणजे सीपीसीबीच्या पोर्टलवर, आणि तीही चारच प्रकारांत: मॅन्युफॅक्चरर, प्रोड्युसर, रिफर्बिशर आणि रिसायकलर. तुमचा संबंध येतो तो तिसऱ्याशी.

रिफर्बिशर कोण? जो वापरलेलं उपकरण दुरुस्त करतो किंवा जोडतो, त्याचं आयुष्य वाढवतो आणि ते बाजारात विकतो, तो. यातलं शेवटचं, विकण्याचं, फार महत्त्वाचं आहे. पाटलांचा फ्रिज तुमच्याकडे आला, तुम्ही कॉम्प्रेसर बदलला आणि फ्रिज परत पाटलांच्या घरी गेला, तर तुम्ही रिफर्बिशर नाही, दुरुस्ती करणारे कारागीर आहात. तोच फ्रिज पाटलांनी डीलरला दिला, डीलरकडून तुम्ही घेतला, चालू केला आणि कुलकर्ण्यांना विकला की तुमचं काम रिफर्बिशरचं झालं. दुकान तेच, टेबल तेच, कारागीरही तोच, पण कायद्याच्या नजरेत ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून पहिलं काम हे की दोन्हींची बिलं वेगळी ठेवा. दुरुस्तीचं बिलबुक एक, विक्रीचं दुसरं.

मग रिफर्बिशर झालात तर नोंदणी सक्तीची नाही का? नियम 2 मध्ये हे नियम कुणाला लागू नाहीत ते लिहिलंय, आणि त्या यादीत सूक्ष्म उद्योग आहे, म्हणजे एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायदा, 2006 प्रमाणे जो ‘मायक्रो’ ठरतो तो. 1 एप्रिल 2025 पासून मायक्रोची मर्यादा वाढली आहे: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि वार्षिक उलाढाल दहा कोटींपर्यंत. त्याआधी हे आकडे एक कोटी आणि पाच कोटी होते. दोन गॅस वेल्डिंग सेट, एक व्हॅक्यूम पंप आणि एक टेम्पो असलेलं दुकान या मर्यादेच्या कितीतरी आत बसतं. एजंट तुम्हाला हे सांगत नाही, कारण हे कळल्यावर त्याला द्यायचं काही कारण उरत नाही.

पण ही सूट तोंडी सांगून मिळत नाही, ती कागदावर दिसावी लागते. कागद म्हणजे उद्यम प्रमाणपत्र. ते सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे फुकट निघतं. त्यात एक बारकावा असा आहे की व्यवसायाचा एनआयसी कोड, म्हणजे सरकारी वर्गीकरणातला धंद्याचा क्रमांक, टाकताना बरेच जण फक्त किरकोळ विक्रीचा टाकतात, कारण दुकान म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतं. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै 2021 पासून उद्यममध्ये घेतलंय ते फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. म्हणजे तुमच्या प्रमाणपत्रावर नुसता व्यापार असेल, तर ‘तुम्ही या कायद्याने सूक्ष्म उद्योग आहात का?’ हा प्रश्न उभा राहू शकतो. तुमचं मूळ काम दुरुस्तीचं, म्हणजे सेवेचं आहे. घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचा कोड 9522 आहे. टीव्ही वगैरे करत असाल तर 9521 सुद्धा टाका. आधीच उद्यम काढलेलं असेल तर आज संध्याकाळी उघडून बघा कोणता कोड आहे. नसेल तर पोर्टलवरच दुरुस्ती करता येते.

याच्या जोडीला दुकानाची गुमास्ता नोंद असू द्या. मोजके कामगार असलेल्या दुकानाला महाराष्ट्रात नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. गोडाऊनमध्ये जुन्या मालाचा साठा असेल तर महापालिकेच्या परवाना विभागात विचारा. रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर भंगार साठवण्यावरून तक्रारी होतात त्या प्रदूषण मंडळाकडे कमी आणि पालिकेकडे जास्त. आणि फ्रिजची बॉडी घासून त्यावर स्प्रेने रंग मारत असाल तर ते मागच्या बोळात करू नका. स्प्रे पेंटिंगमुळे हवेच्या कायद्याखाली संमतीपत्राचा प्रश्न निघतो, आणि शेजाऱ्याची एक तक्रार त्याला पुरते. सांगलीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय आहे. तिथे जाऊन काम समजावून सांगा आणि उत्तर लेखी मागा. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक लहान दुकानदाराला हेच सांगते. आपण होऊन विचारायला गेलेल्या माणसाशी अधिकारी चांगलं बोलतात.

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण खरा पेच जिथे आहे, त्याबद्दल सांगते.

डीलरकडून दहा मशीन आणल्या तर सगळ्या चालू होत नाहीत. काही उभ्या राहतात, काहींचे पार्ट दुसरीला लागतात आणि उरलेला सांगाडा कोपऱ्यात जातो. चालू झालेल्या मशीन म्हणजे वापरलेला माल. उरलेलं सगळं ई-कचरा आहे, कारण दुरुस्ती आणि रिफर्बिशिंगमधून निघालेला टाकाऊ भागही ई-कचऱ्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेला आहे. तुमच्या धंद्याची परीक्षा दर्शनी भागात मांडलेल्या चकचकीत फ्रिजवर होत नाही. ती मागच्या कोपऱ्यावर होते.

त्या कोपऱ्यात काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बंद पडलेला कॉम्प्रेसर सात-आठ किलोचा, त्यात तांब्याचं वाइंडिंग आणि तेल. भंगारवाला तो वजनावर नेतो, लोखंडी कवच फोडतो, तांबं काढतो आणि तेल तिथेच मातीत ओततो. कॉम्प्रेसरचं तेल हे घातक कचरा नियम, 2016 मधल्या ‘वापरलेल्या तेला’च्या व्याख्येत नाव घेऊन आलेलं आहे. वायरचे गुंडाळे तर बऱ्याच ठिकाणी उघड्यावर जाळले जातात, कारण प्लॅस्टिक सोलत बसण्यापेक्षा जाळणं सोपं पडतं. तो काळा धूर ज्याने जवळून बघितलाय त्याला वायरवरच्या पीव्हीसी प्लॅस्टिकबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. एलसीडी टीव्हीच्या जुन्या पॅनेलमागच्या बारीक नळ्यांत पारा असतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. जुन्या पीसीबीवरच्या, म्हणजे सर्किट बोर्डवरच्या, सोल्डरमध्येही शिसं असतं.

आणि गॅस. फ्रिजच्या मागच्या प्लेटवर किंवा कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर गॅसचं नाव असतं, ते वाचल्याशिवाय नळी कापू नका. आर-12 असेल तर तो ओझोनचा थर खाणारा सीएफसी आहे. आता असे फ्रिज क्वचितच येतात, पण खेड्यांतून अजून येतात. आर-134ए ओझोनला त्रास देत नाही, पण तापमानवाढीत त्याचा एक किलो हा हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. आर-600ए म्हणजे आयसोब्यूटेन. पर्यावरणाला तो यातला सर्वांत कमी वाईट, पण तो ज्वलनशील आहे. फ्रिजमध्ये तो थोडाच असतो, तरीही बंद खोलीत नळी कापली आणि लगेच ब्रेझिंगचा, म्हणजे नळी जोडायचा, टॉर्च पेटवला तर हातातोंडाला भाजतं. दुकानातल्या पोरांना हे एकदा सांगून भागत नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा: आधी स्टिकर, मग दार-खिडकी उघडी, मग नळी, आणि टॉर्च सर्वांत शेवटी. आर-134ए आणि एसीतला आर-22 हवेत सोडण्यापेक्षा रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घेणं शक्य असतं. एकट्या दुकानाला ते मशीन महाग पडेल, पण मिरज-सांगलीतल्या चार एसी मेकॅनिकांनी मिळून एक घेतलं तर ते परवडतं. एसीच्या बाबतीत ओढलेला गॅस पुन्हा कामालाही येतो.

सूक्ष्म उद्योग म्हणून नियम लागू नसले तरी कोपऱ्यातल्या या मालाचं मी नियम लागू असल्यासारखंच करायला सांगते. एक तर ते बरोबर आहे. उद्या एखाद्या ओढ्यात तुमच्या दुकानातले सांगाडे सापडले तर पर्यावरण संरक्षण कायदा आणि पालिकेचे नियम आहेतच, आणि तिथे ‘आम्ही मायक्रो’ हे उत्तर चालणार नाही. पर्यावरण कायद्यातली शिक्षा 1 एप्रिल 2024 पासून बदलली आहे. तुरुंगाऐवजी दंड आला, पण तो दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत आहे.

करायचं ते इतकंच. नियमांत ई-कचरा साठवायची मुदत 180 दिवसांची आहे, तीच स्वतःला लावून घ्या. कॉम्प्रेसर आणि मोटरी एका लोखंडी ट्रेमध्ये, म्हणजे तेल जमिनीवर गळणार नाही. पीसीबी एका पेटीत, वायर वेगळी, कपॅसिटर वेगळे. नळ्या आणि पॅनेल पुठ्ठ्यात, फुटणार नाहीत असे. एक वही करा: तारीख, काय आलं, कुणाकडून आलं, त्यातलं काय विकलं आणि काय कचऱ्यात गेलं, वजन किती. दर चार-पाच महिन्यांनी नोंदणीकृत रिसायकलरला माल द्या आणि त्याची पावती वहीला लावा. रिसायकलरांची यादी सीपीसीबीच्या पोर्टलवर आहे. थोड्या मालासाठी ते मिरजेपर्यंत गाडी पाठवणार नाहीत, हे खरं आहे. म्हणून शेजारच्या दुकानांना सोबत घ्या. एक टेम्पोभर माल जमला की फोन केल्यावर गाडी येते.

तुम्ही म्हणाल, भंगारवाला रोख देतो आणि जास्त देतो. देतो, मान्य आहे. तो जास्त देऊ शकतो, कारण तेल आणि धूर यांचा खर्च त्याच्या हिशोबात धरलेला नसतो. तरी रिसायकलरशी घासाघीस करा. कंपन्यांना त्यांच्या विकलेल्या मालाच्या प्रमाणात कचरा रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात. त्यांचं उद्दिष्ट 2025-26 मध्ये 70 टक्के आहे आणि 2027-28 पासून 80 टक्के होणार आहे. ही प्रमाणपत्रं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्या हिशोबाने तयार होतात. म्हणजे तुमच्या कॉम्प्रेसरमधून रिसायकलरला तांबं मिळतं आणि त्यावर प्रमाणपत्राचे पैसेही मिळतात. हे माहीत असलेल्या दुकानदाराला भाव बरा मिळतो.

भंगारवाल्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. आपल्याकडचा बहुतेक ई-कचरा घरातून तेच गोळा करतात, आणि त्यांच्याइतकी दारोदार पोच कुठल्याच कंपनीची नाही. गोळा करणं त्यांचं काम राहू दे. फोडणं आणि जाळणं थांबलं पाहिजे, आणि ते थांबवायची पहिली जागा तुमचं गोडाऊन आहे.

आता अशा दोन चुका, ज्या दुकानदार नकळत करतात आणि ज्यांनी मायक्रोची सूट असूनही घोळ होतो.

पहिली म्हणजे स्वतःच्या नावाचं स्टिकर. जुनं पॅनेल, नवा बोर्ड आणि बाहेरून आणलेली बॉडी जोडून एलईडी टीव्ही तयार करायचा आणि त्यावर दुकानाच्या नावाचा ब्रँड चिकटवायचा, हे गावोगाव चालतं. कूलरचंही तसंच. स्वतःच्या ब्रँडखाली उपकरण विकणारा नियमांत प्रोड्युसर धरला जातो. मग कंपन्यांना लागणारी सगळी जबाबदारी, रिसायकलिंगचं उद्दिष्ट आणि प्रमाणपत्रांची खरेदी यांचा विषय तुमच्या दारात येऊ शकतो. शिवाय टीव्हीला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, सक्तीची नोंदणी लागते, ती वेगळीच. मूळ कंपनीची रेटिंग प्लेट कधीच काढू नका. तिच्या शेजारी ‘दुरुस्त करून विकलेले’ असं लेबल लावा, त्यावर दुकानाचं नाव आणि तारीख असू द्या. बिलावरही तेच लिहा. विकण्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, इन्सुलेशन तपासून, अर्थिंगही बघून त्याचं रीडिंग बिलाच्या मागे लिहिणारा एक दुकानदार मला माहीत आहे. त्याच्याकडे जुना गिझर घ्यायला लोक लांबून येतात.

दुसरी चूक खरेदीच्या कागदाची. डीलरच्या एक्स्चेंजचा माल खरं म्हणजे कुणाचा, हे विचारा. काही वेळा तो कंपनीच्या एक्स्चेंज योजनेतला असतो आणि डीलरला तो परस्पर विकायची मुभा नसते. डीलरकडून प्रत्येक लॉटचं बिल घ्या, त्यात मशीनचे सीरियल नंबर असू द्या. फेरीवाल्याकडून घेताना त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. चोरीचा माल निघाला तर ‘मला माहीत नव्हतं’ हे दाखवायला तोच एक कागद असतो.

जीएसटीचं थोडक्यात सांगते, बाकी तुमच्या सीएला विचारा. फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा 40 लाखांची आहे, पण तुम्ही दुरुस्तीची सेवाही देता, म्हणून तुमच्यासाठी ती 20 लाखांची. नोंदणी झाली तरी जुन्या मालाला मार्जिन योजना आहे, सीजीएसटी नियम 32(5). फ्रिज 3,000 ला घेतला आणि 7,000 ला विकला तर कर 4,000 वर. अट अशी की त्या खरेदीवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतलेलं नसावं.

आता हॉस्टेलचा माल.

इथे उत्तर बदलतं. ज्या संस्थेने वर्षात कधीही यादीतली निदान एक हजार उपकरणं वापरात ठेवली असतील, ती नियमांत ‘बल्क कंझ्युमर’ ठरते. ही यादी मोठी आहे, 106 प्रकारांची. कॉम्प्युटर, प्रिंटर, पंखे, दिवे असं सगळं मोजलं तर इंजिनिअरिंग कॉलेज हजाराच्या वर सहज जातं. बल्क कंझ्युमरने आपला ई-कचरा फक्त नोंदणीकृत प्रोड्युसर, रिफर्बिशर किंवा रिसायकलरलाच द्यायचा असतो. तुम्ही मायक्रो म्हणून नोंदणीतून सुटलात, पण कॉलेज सुटलेलं नाही. त्यांनी तुम्हाला माल दिला तर अडचण त्यांची होते, आणि उद्या ऑडिटमध्ये निघालं की ते तुमच्याकडेच बोट दाखवतात. कंपन्यांच्या बाबतीतही तसंच आहे. नोंदणीकृत कंपनीला नोंदणी नसलेल्या रिफर्बिशरशी व्यवहार करता येत नाही. म्हणजे मायक्रोची सूट तुम्हाला घरगुती आणि डीलरच्या मालापुरती मोकळीक देते, मोठ्या मालाचं दार मात्र बंदच ठेवते.

ते दार उघडायचं असेल तर स्वतःहून रिफर्बिशर म्हणून नोंदणी करा. सूक्ष्म उद्योगाने नोंदणी करू नये असं नियमांत कुठेही नाही. मग मात्र सगळं पाळावं लागेल. निघालेला ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यायचा आणि त्याची माहिती पोर्टलवर चढवायची. दर तिमाहीचं आणि वर्षाचं रिटर्न पुढच्या महिनाअखेरीच्या आत भरायचं. दुरुस्त केलेला माल बीआयएसच्या मानकात बसवायचा. खोटी माहिती दिली तर नोंदणी तीन वर्षांपर्यंत रद्द होऊ शकते आणि पर्यावरण भरपाईही लागते. याच्या बदल्यात रिफर्बिशिंगची प्रमाणपत्रं मिळायची सोय आहे. ती विकत घेणाऱ्या कंपनीची रिसायकलिंगची जबाबदारी पुढे ढकलली जाते, आणि वाढवलेलं आयुष्य संपल्यावर 100 टनांऐवजी 75 टनच तिच्या खात्यात येतात. दुरुस्तीला मुद्दाम दिलेली ही सवलत आहे, आणि नियमांतली मला सर्वांत आवडणारी तरतूद हीच. फ्रिज वितळवण्यापेक्षा तो आणखी पाच वर्षं चालवणं चांगलं, हे त्यात मान्य केलेलं आहे.

तुमच्या दुकानाचा आजचा पसारा बघता माझा सल्ला असा. या वर्षी हॉस्टेलच्या लिलावात उतरू नका. कॉलेजला लेखी कळवा की माल नोंदणीकृत संस्थेलाच द्यावा लागतो. ते तुमचे आभार मानतील आणि नावही लक्षात ठेवतील. हवं तर त्यांना पोर्टलवरच्या एखाद्या रिफर्बिशरची माहिती द्या, आणि त्या रिफर्बिशरकडे दुरुस्तीचं काम मजुरीवर मागा. माल त्याचा, विक्री त्याची, तुमची फक्त कारागिरी, म्हणजे तुम्ही पुन्हा पाटलांचा फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या जागी येता. वही आणि रिसायकलरच्या पावत्यांची सवय याच महिन्यापासून लावा. वर्षभराच्या नोंदी हातात असल्या आणि महिन्याला पंधरा-वीस मशीनच्या पुढे काम जाऊ लागलं की नोंदणीचा अर्ज स्वतः पोर्टलवर भरा. पॅन, जीएसटी, उद्यम, जागेचे कागद आणि मंडळाच्या कार्यालयाकडून मिळालेलं लेखी उत्तर एका फाइलमध्ये लावून ठेवा. कुठे अडलं तर सांगलीच्या कार्यालयात ती फाइल घेऊनच जा.